चित्रातली जागा शोधताना: फ्रान्समध्ये कुठे, कधी आणि कोणीकडे तोंड करून उभं राहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: मेअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दहा दिवस फ्रान्समध्ये आहोत, बरोबर सत्तरीची आई आहे. व्हॅन गॉग आणि मोने यांनी, आणि जमलं तर सेझाननं, रंगवलेल्या जागा बघायच्या आहेत. त्यातल्या खरोखर शिल्लक कोणत्या? कुठे उभं राहिलं की चित्र जुळतं? आणि लोकांच्या फोटोंत ती जागा चित्रासारखी का दिसत नाही?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत. चित्रातली इमारत शोधायला गेलात तर निम्म्या ठिकाणी हात हलवत परत याल. दक्षिण फ्रान्सच्या आर्लमधलं व्हॅन गॉगचं पिवळं घर बाँबहल्ल्यात गेलं, तिथला उचलता पूल मूळचा नाही, ल आव्र बंदराचा जुना धक्का दुसऱ्या महायुद्धात भुईसपाट झाला. पण चित्रकार जिथे उभा होता ती जमीन, त्याच्या तोंडाची दिशा आणि त्या वेळचं ऊन या तीन गोष्टी बहुतेक ठिकाणी आजही मिळतात. म्हणून यादी इमारतींची करू नका. प्रत्येक चित्रासमोर चार गोष्टी लिहा: उभं राहायची जागा, दिशा, वेळ, महिना. त्यानंतर पाचवी, चित्रकारानं मुद्दाम काय बदललं. ही पाचवी माहीत नसेल तर माणूस अर्धा तास न जुळणारं जुळवत बसतो.

निघण्यापूर्वी

चित्रांचे कागदी प्रिंट काढा, साधारण पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचे. भर उन्हात मोबाइलच्या पडद्यावर काहीही दिसत नाही, आणि एकाच वेळी त्याच मोबाइलवर चित्र बघणं नि फोटो काढणं जमत नाही. प्रिंट चकचकीत कागदावर नको, मॅट घ्या.

जागेवर गेल्यावर चित्रातली एक जवळची आणि तिच्यामागची एक लांबची वस्तू निवडा. समजा, जवळचं झाड आणि लांबचा मनोरा. चित्रात मनोरा झाडाच्या किती उजवीकडे आहे ते बघा. तुम्हाला तो त्याहून जास्त उजवीकडे दिसत असेल तर डावीकडे सरका. कमी दिसत असेल तर उजवीकडे. बाजू जुळली की अंतर: झाड मनोऱ्याच्या मानानं फार मोठं वाटत असेल तर मागे जा, लहान वाटत असेल तर पुढे. पाच-सात पावलांत जागा सापडते. नाहीच सापडली तर चित्रकारानं दोन जागांवरून पाहिलेलं एका कॅनव्हासवर आणलंय असं समजा. सेझानच्या बाबतीत हे नेहमीचंच.

फोटो न जुळण्याचं मोठं कारण भिंग. मोबाइलचा मुख्य कॅमेरा रुंद असतो, २४ ते २६ मिलिमीटरचा. त्यात लांबचा डोंगर चिमुकला होतो आणि समोरचा रस्ता पसरतो. २ एक्सवर जा, म्हणजे साधारण ५० मिलिमीटर. डोंगर असेल तर ३ एक्स. आणि मागे सरकायला जागा ठेवा.

दुसरं कारण घड्याळ. फ्रान्समध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे असतं. आर्लमध्ये जूनमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, पावणेदोनच्या सुमारास. १८८८ मध्ये स्थानिक सूर्यवेळ चालायची. त्यामुळे त्या काळच्या पत्रात "सकाळी दहा" असं वाचलंत तर तुमच्या घड्याळात ते पावणेबाराच्या आसपास. पुस्तकातली वेळ जशीच्या तशी धरून गेलं की सावल्या उलट्या-सुलट्या दिसतात, त्या याच हिशेबामुळे.

आर्ल: इथे रात्री मुक्काम हवाच

व्हॅन गॉग २० फेब्रुवारी १८८८ ला आर्लला आला आणि मे १८८९ पर्यंत राहिला. स्टेशनवरून पाच मिनिटं चाललात की लामार्तिन चौक. याच चौकात पिवळं घर होतं. २५ जून १९४४ च्या बाँबहल्ल्यात त्याचं नुकसान झालं आणि पुढे ते पाडलं. पण चित्राचा प्रिंट हातात धरा: घराच्या मागे जी उंच, चार मजली इमारत आहे ती आजही उभी आहे, आणि उजवीकडच्या टोकाला रस्त्यावरून जाणारा रेल्वेपूलही. या दोन खुणा जुळवल्या की मधली रिकामी जागा आपोआप घराच्या आकाराची दिसू लागते. 'शयनगृह' हे चित्र याच घरातल्या खोलीचं. त्याच्या तीन प्रती अ‍ॅम्स्टरडॅम, शिकागो आणि पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहेत. खोली मात्र कुठेच नाही.

तिथून र्‍होन नदी एक-दोन मिनिटांवर. 'र्‍होनवरची तारांकित रात्र' (सप्टेंबर १८८८) याच धक्क्यावरून रंगवली आहे. धक्क्यावर या, नदीचं वळण आणि पलीकडे शहराची कड दिसेल असं नैर्ऋत्येकडे तोंड करा. पाण्यात उतरलेल्या दिव्यांच्या लांबच लांब रेघा चित्रात आहेत तशा आजही दिसतात, फक्त गॅसचे दिवे जाऊन विजेचे आले. आता वर बघा. चित्रात सप्तर्षी आहेत, मोठे, ठळक. प्रत्यक्षात तुमच्यासमोर ते नसतील. सप्तर्षी उत्तरेला असतात आणि तुम्ही नैर्ऋत्येकडे बघताय. व्हॅन गॉगनं पाठीमागचं आकाश उचलून समोर ठेवलं आहे. धक्क्यावर उभं राहून चित्राकडे बघून मान मागे वळवली की हे जसं कळतं तसं संग्रहालयात कळत नाही.

अडचण वेळेची. जूनच्या सुरुवातीला आर्लमध्ये सूर्यास्त सव्वानऊच्या आसपास होतो आणि आकाश चित्रातल्या त्या निळ्यापर्यंत पोचायला साडेदहा वाजतात. जवळच्या अ‍ॅव्हिन्यॉं शहराहून दिवसाची सहल करून येणारे सहा-सातच्या गाडीनं परत जातात आणि या गावातली दोन सर्वांत महत्त्वाची चित्रं रात्रीची असूनही ती दिवसा बघून जातात. म्हणून इथे एक रात्र. हॉटेल नदीपासून दहा मिनिटांच्या आत घ्या म्हणजे आईंना रात्री फार चालावं लागणार नाही. मिस्ट्राल हा उत्तरेकडून येणारा कोरडा वारा सुटला तर धक्क्यावर जूनमध्येही जाकीट लागतं; पण याच वाऱ्यानं आकाश स्वच्छ होतं, आणि पाण्यातल्या रेघा मात्र मोडतात. दोन्ही एकदम मिळणं नशिबाचा भाग.

दुसरं रात्रीचं चित्र 'कॅफेचा सज्जा', फोरम चौकातलं. चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात उभं राहून दक्षिणेकडे बघा. तिथे चित्राचा फलक लावलेला आहे. समोरची भिंत भडक पिवळी दिसेल आणि तिथेच फसगत होते. चित्रात पिवळं आहे ते गॅसच्या दिव्याचं. भिंतीला पिवळा रंग नंतर, चित्राशी जुळावा म्हणून दिलेला. म्हणजे चित्रानं जागेची नक्कल केली नाही, जागेनं चित्राची केली. दिवसा ती भिंत बटबटीत वाटते; अंधार पडल्यावर जरा बरी. कॅफे चालू असो वा बंद, तुम्हाला आत जायची गरज नाही, चित्र बाहेरून काढलं आहे. या चित्रात काळा रंग वापरलेला नाही असं व्हॅन गॉगनं बहिणीला कळवलं होतं; तिथे उभं असताना छताखालच्या सावल्या काळ्या आहेत की निळ्या-जांभळ्या, हे बघण्यात पाच मिनिटं घालवा.

दिवसाच्या भागात जुनं रुग्णालय, आता 'एस्पास व्हॅन गॉग'. अंगणातली बाग चित्रावरून पुन्हा लावली आहे: मध्ये गोल हौद, त्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे वाफे, कडेनं कमानींचा सज्जा. अंगणात शिरल्यावर बहुतेकांना चित्र जुळत नाही, कारण ते वरच्या मजल्याच्या सज्जातून खाली बघत काढलेलं आहे. वर जायला मिळालं तर जा. नाहीतर वाफ्यांची मांडणी बघून समाधान मानायचं. अंगणात जायला तिकीट नाही.

आल्यिस्कां, म्हणजे दगडी शवपेट्यांनी दोन्ही बाजू धरलेली झाडांची वाट, गावाच्या आग्नेयेला चालत पंधरा मिनिटांवर. व्हॅन गॉग आणि त्याचा चित्रकार मित्र गोगँ यांनी ती ऑक्टोबरअखेर, पानगळीत रंगवली. तुम्हाला ती हिरवी दिसेल आणि चित्रातला नारिंगी गालिचा नसेल. वेळ कमी असेल तर हे सोडा. लांग्लुआचा पूल, म्हणजे सुरुवातीला सांगितलेला उचलता पूलही सोडला तरी चालेल: मूळ लाकडी पूल १९३० मध्ये काढून काँक्रीटचा बांधला, तो १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं उडवला, आणि आज दिसतो तो फॉस इथला तशाच बनावटीचा पूल आणून वेगळ्या जागी उभा केलेला. गावापासून सुमारे तीन किलोमीटर. उचलत्या पुलाची यंत्रणा बघायची हौस असेल तर ठीक.

आर्ल नगराकडे या काळातलं व्हॅन गॉगचं एकही चित्र स्वतःचं नाही, हेही आधी सांगितलेलं बरं. 'कॅफेचा सज्जा' नेदरलँड्समध्ये ऑटर्लोला आहे. 'र्‍होन' पॅरिसच्या ऑर्सेत, म्हणून ऑर्से आधी करा. चित्रं उसनी बाहेर जातात, तेव्हा ते भिंतीवर आहे ना हे जाण्याआधी संकेतस्थळावर बघा.

सँ-रेमी

मे १८८९ ते मे १८९० हे वर्ष व्हॅन गॉग साँ-पॉल द मोझोल या मठात चालणाऱ्या मनोरुग्णालयात होता. तिथे आजही रुग्णालय चालतं, म्हणून पाहुण्यांसाठीचा भाग वेगळा आहे आणि आवाज कमी ठेवायचा असतो. दाखवतात ती खोली पुन्हा मांडलेली आहे, मूळची नव्हे, आणि ती वरच्या मजल्यावर आहे. आईंना जिने नको असतील तर खालचा ओवऱ्यांचा चौक आणि बाग पुरेशी आहे. मेमध्ये बागेत आयरिसची फुलं असतात. 'आयरिस' हे चित्र त्यानं इथे आल्या आल्या, मे १८८९ मध्ये काढलं. तुम्ही पोचाल तेव्हा त्यांचा बहर संपत आलेला असेल.

'तारांकित रात्र' (जून १८८९, आता न्यूयॉर्कमध्ये) इथलं, आणि जागा जुळवायला सगळ्यात फसवं. त्याच्या खोलीची खिडकी पूर्वेकडे होती. त्या खिडकीतून भिंतीनं वेढलेलं गव्हाचं शेत आणि मागे आल्पी टेकड्यांची रांग दिसायची. गाव दिसत नव्हतं. ते उत्तरेला आहे. चित्रातलं गाव त्यानं घातलं, आणि चर्चचा तो सुईसारखा मनोरा प्रोव्हाँसपेक्षा हॉलंडचा वाटतो. रंगवलं तेही रात्री खिडकीत बसून नव्हे, दिवसा, खालच्या मजल्यावरच्या खोलीत. म्हणजे खरं उरतं ते टेकड्यांचं लाटेसारखं वळण आणि पहाटेचा तेजस्वी तारा, जो शुक्र होता. टेकड्यांचं ते वळण मात्र बाहेरच्या ऑलिव्हच्या बागेत उभं राहून बघा. दगडाच्या या रांगा चित्रात दिसतात तितक्याच विचित्र आहेत. व्हॅन गॉगनं त्या वाकवल्या असं वाटतं, पण फार वाकवलेल्या नाहीत.

सँ-रेमीला रेल्वे नाही. आर्ल किंवा अ‍ॅव्हिन्यॉंहून बस, आणि गावातून मठापर्यंत सुमारे दीड किलोमीटर हलका चढ. आईंसाठी तेवढी टॅक्सी करा. पॅरिसहून येताना लक्षात ठेवा की अ‍ॅव्हिन्यॉंला दोन स्टेशनं आहेत, वेगवान गाड्यांचं गावाबाहेर आणि मध्यवर्ती गावात. मध्ये पाच मिनिटांची जोडगाडी आहे, पण सामान आणि वयस्कर माणूस बरोबर असताना गाडी बदलायला अर्धा तास तरी ठेवा.

सेझानचा डोंगर, एका संध्याकाळीपुरता

एक्स-आँ-प्रोव्हाँसला गेलात तर सकाळी सेझानचा सेंत-व्हिक्त्वार डोंगर बघायला चढू नका. डोंगर शहराच्या पूर्वेला आहे. सकाळी सूर्य त्याच्या मागे असतो आणि हाती येते फक्त निळसर आकृती. दुपारी चारनंतर ऊन चुनखडीवर समोरून पडतं आणि मग राखाडी दगडात गुलाबी, नारिंगी, जांभळा दिसू लागतो. सेझानच्या लोव्ह टेकडीवरच्या स्टुडिओपासून चालत पंधरा मिनिटं वर गेलं की 'चित्रकारांचं मैदान' ही छोटी बाग लागते. तिथे त्याच्या चित्रांचे फलक आहेत आणि समोर तोच कोन. डोंगर मात्र अपेक्षेपेक्षा लहान दिसेल. सेझाननं तो मोठा केला आणि मधलं मैदान दाबलं. ३ एक्सवर फोटो काढा, चित्राच्या जरा जवळ जाल.

डोंगरावर चालायचा बेत असेल तर १ जून ते ३० सप्टेंबर वणव्याच्या धोक्यामुळे प्रवेश रोजच्या रोज ठरतो. आदल्या संध्याकाळी जिल्हा प्रशासनाचा नकाशा बघायचा. हे आल्पी टेकड्यांनाही लागू आहे. मैदान शहरात असल्यामुळे त्याला अडचण नाही.

ओव्हेर-सुर-वाझ: एका दिवसात सगळ्यात जास्त

फक्त एकच जागा निवडायची असेल तर मी हे गाव सांगेन. व्हॅन गॉग इथे २० मे १८९० ला आला आणि २९ जुलैला वारला. सत्तर दिवस, आणि साधारण तितकीच चित्रं. गाव पॅरिसपासून तीस किलोमीटर, पण अजून गावच आहे, आणि बहुतेक जागा दोन-तीन किलोमीटरच्या चालण्यात आहेत. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनवरून पोंत्वाझला गाडी बदलून यायचं. उन्हाळ्याच्या हंगामात शनिवार-रविवारी थेट गाडी असते.

क्रम असा ठेवा. आधी ओबेर्झ राव्हू, म्हणजे तो राहिला ती खाणावळ. वरच्या मजल्यावरची पाच नंबरची खोली सात चौरस मीटरची आहे, छताला एक छोटं खिडकीवजा भोक, आत काही नाही. पलंग नाही, चित्र नाही. रिकामी ठेवली आहे, आणि तेच बरोबर आहे. एका वेळी थोडे लोक सोडतात, जिना अरुंद आणि उभा. सोमवार-मंगळवार सहसा बंद, हिवाळ्यातही बंद. म्हणून वार बघून जा. खाणावळीसमोर नगरपालिकेची इमारत आहे. १४ जुलैच्या, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिवसाच्या, पताका लावलेलं तिचं चित्र काढायला तो फार लांब गेला नव्हता.

मग चर्च. चढ छोटा आहे. दर्शनी भागासमोर उभे राहू नका, तिथे चित्र नाही. चर्चच्या मागे, वेदीमागच्या गोलाकार भागाकडे या, जिथे वाट दोन बाजूंना फुटते. चित्रात नेमकं हेच आहे: समोर फाटा, वाटेवरून पाठमोरी चाललेली बाई, वर गडद निळं आकाश. वाटेवर ऊन आहे आणि चर्च स्वतःच्याच सावलीत उभं आहे, हे चित्रातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं. सकाळी गेलात तर भिंतीवर ऊन असतं, फोटो छान येतो आणि चित्र हरवतं. दुपार कलल्यावर सूर्य पलीकडे जातो, ही बाजू काळवंडते, आणि मग जुळतं. भिंतींच्या कडा चित्रात वळवळतात तशा नाहीत. त्या सरळ आहेत. प्रिंट धरून छपराची एकेक कड तपासत गेलात तर लक्षात येतं की त्यानं मांडणी जवळपास जशीच्या तशी ठेवली आणि फक्त रेषा हलवली.

चर्चपासून वर दहा मिनिटांत स्मशानभूमी. व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि त्याचा भाऊ थिओ शेजारी शेजारी, दोन्हींवर एकच आयव्हीची वेल. भिंतीच्या पलीकडे सपाट शेतं, तिथेच 'कावळे आणि गव्हाचं शेत'. फलक आहे. कॅनव्हास ५० बाय १०० सेंटिमीटरच्या आसपासचा, म्हणजे उंचीच्या दुप्पट रुंद. फोटो त्याच प्रमाणात कापा, नाहीतर शेत कोंडल्यासारखं दिसतं. तुमच्या तारखांना गहू हिरवा असेल, कडेला लाल पॉपी. सोनेरी गहू जुलैत. शेत खाजगी आहे आणि पिकाची फेरपालट होते, त्यामुळे एखाद्या वर्षी तिथे गहूच नसतो. उभ्या पिकात शिरू नका.

परतताना दोबिन्यी रस्त्यानं या. 'झाडाची मुळं' हे चित्र वर्षानुवर्षं जवळजवळ अमूर्त मानलं जायचं, कारण ते कशाचं आहे हेच समजत नव्हतं. २०२० मध्ये वूटर व्हॅन डेर व्हेन या अभ्यासकानं एका जुन्या पोस्टकार्डावरून जागा ओळखली: खाणावळीपासून दीडशे मीटरवर, रस्त्याकडेची खचलेली दरड आणि तिच्यातून बाहेर आलेली मुळं. आज तिथे कुंपण आणि फलक आहे. कावळ्यांचं चित्र शेवटचं अशी समजूत आहे ती खरी नाही. शेवटचं बहुधा हे. निवांत बघा, कारण इथे फारसं कोणी थांबत नाही.

जिव्हेर्नी आणि फुलांचं गणित

मोने या गावात १८८३ पासून १९२६ ला वारेपर्यंत राहिला. घर १८९० ला विकत घेतलं, तळ्याची जमीन १८९३ ला. ही चित्रातली जागा बाकीच्यांसारखी सापडलेली नाही, बनवलेली आहे: आधी बाग, मग चित्र. एप्त नदीच्या फाट्याचं पाणी वळवायला परवानगी मागितली तेव्हा परदेशी झाडांनी पाणी नासेल म्हणून गावकऱ्यांनी हरकत घेतली होती. पाण्यात दिसणारी ती फुलं कमळं नव्हेत, कुमुदिनी आहेत. फरक सोपा: कमळाची पानं पाण्याच्या वर दांड्यावर उभी राहतात, कुमुदिनीची पाण्यावर पसरतात. चित्रांत पानांची आडवी बेटं दिसतात ती त्यामुळेच, आणि मधल्या मोकळ्या पाण्यात आकाश उतरतं. युरोपच्या थंडीत टिकणारी रंगीत कुमुदिनी लातूर-मार्लियाक या रोपवाटिकाकारानं संकरातून तयार केली. मोनेनं रोपं त्याच्याचकडून मागवली. ती तयार झाली नसती तर तळं पांढरंच राहिलं असतं.

आता गणित. तळ्यावरच्या पुलावर चढलेल्या विस्टेरियाच्या वेलीचा बहर एप्रिलअखेर ते मे. कुमुदिनी जूनअखेर ते सप्टेंबर. तुम्ही जाताय ते बरोब्बर मधल्या फटीत: विस्टेरिया ओसरलेला आणि कुमुदिनी नुकत्या कुठे सुरू. मेच्या सुट्टीत जाणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेकांचं हेच होतं, आणि मग "फुलंच नव्हती" अशी तक्रार. फुलं असतात, गुलाब तेव्हा जोरात असतात. फक्त ती चित्रांतली नसतात. तारखा हलवता येत असतील तर जुलैचा पहिला पंधरवडा सांगेन, म्हणजे ओव्हेरचा गहू आणि इथली कुमुदिनी दोन्ही साधतात. गर्दी आणि दक्षिणेचं ऊन ही त्याची किंमत. आईंचा विचार करता मे-जूनच ठेवा आणि पाण्यातल्या प्रतिबिंबांसाठी जा. मोनेचा खरा विषय तोच होता.

बाग १ एप्रिल ते १ नोव्हेंबर, रोज साडेनऊ ते सहा. तिकीट वेळ ठरवून आधी घ्या, पहिलीच वेळ. आत गेल्यावर सगळे घरासमोरच्या बागेत थांबतात. तुम्ही थेट रस्त्याखालच्या भुयारातून तळ्याकडे जा. सकाळी वारा नसतो, पाणी आरशासारखं असतं. कुमुदिनी मात्र ऊन चढल्यावर उघडतात आणि दुपार कलली की मिटू लागतात, म्हणून फुलांसाठी साडेअकराच्या सुमारास तळ्याला दुसरी फेरी. पुलावर उभं राहून पूल दिसत नाही, हे सांगायची गरज नसावी, पण तिथेच सगळ्यात जास्त गर्दी असते. समोरच्या काठावर जा. पूल मूळचा नाही, त्याच आकारात नव्यानं बांधलेला आहे; आणि १८९९ च्या चित्रांत त्याच्यावर वेलीचा मांडवही नाही, तो नंतरचा. मग काठावर बसून नजर खाली आणा, इतकी की काठ आणि आकाश दोन्ही चौकटीबाहेर जातील. उरतं ते पाणी. शेवटच्या वीस वर्षांची चित्रं इथून सुरू होतात.

पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनवरून व्हर्नोंपर्यंत रेल्वे पाऊण-एक तास, पुढे शटल बस. दुसऱ्या दिवशी सकाळी पॅरिसच्या ओरांजरी संग्रहालयात मोनेची कुमुदिनींची मोठी चित्रं बघा (मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी). दोन लंबगोल दालनं, आठ रचना, दोन मीटर उंचीच्या आणि एकूण नव्वद मीटरच्या आसपास लांब, वरून नैसर्गिक उजेड. ढगाळ दिवशी आणि उन्हात त्या वेगळ्या दिसतात.

मोनेच्या गव्हाच्या गंजी आणि पॉप्लरची झाडं शोधू नका. गंजी मळणीपर्यंतच असायच्या. पॉप्लर १८९१ मध्येच विकली जाणार होती. चित्रं पूर्ण होईपर्यंत ती तोडू नयेत म्हणून मोनेनं लाकूडव्यापाऱ्याला पैसे दिले होते.

नॉर्मंडीत आणखी एक दिवस उरला तर

रूआँ. इथल्या कॅथेड्रलची तीसहून जास्त चित्रं मोनेनं १८९२-९३ मध्ये समोरच्या घरांच्या वरच्या मजल्यांवरून काढली. दर्शनी भाग पश्चिमेला आहे, म्हणजे सकाळी तो निळ्या-राखाडी सावलीत आणि दुपारी तीननंतर सोनेरी. सकाळी दहाला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा बघा. मध्ये कुठेतरी जेवा. चौकातून मान वर करून बघताना चित्र जुळत नाही, कारण मोने उंचावर होता.

ल आव्रला ज्या हॉटेलच्या खिडकीतून मोनेनं 'सूर्योदयाचा ठसा' (१८७२) रंगवलं ते हॉटेल उरलं नाही. ते चित्र पॅरिसच्या मार्मोतान संग्रहालयात बघा.

मोनेनं रंगवलेले एत्रेताचे समुद्रकाठचे कडे आहेत तसे आहेत, पण तिथे आईंना बरोबर घेऊन वाळूकाठाने पुढे जायचं नाही. पहिली गोष्ट, वाळू नाहीच, सगळे गोटे, पाय मुरगळतो. दुसरी, मानपोर्त या मोठ्या कमानीखाली फक्त ओहोटीत पोचता येतं आणि भरती आली की मागची वाट बंद होते. नोव्हेंबर १८८५ मध्ये मोनेचा अंदाज चुकला, लाटेनं त्याला कड्यावर आपटून समुद्रात ओढलं आणि चित्र, इझल, रंग सगळं गेलं. भरती-ओहोटीचा तक्ता गावात लावलेला असतो. ओहोटीच्या वेळेनंतर खाली उतरायचं नाही. वरच्या पायवाटेवरून कमान आणि सुळका दोन्ही छान दिसतात, फक्त कड्याच्या कडेला कठडा नाही. आणि गोटे खिशात घालू नका, दंड आहे.